टिकटिकणारी पेटी

त्या दिवशी धक्क्यावर असा वारा सुटला होता की पक्षी पुढे तोंड करून मागे उडत होते. खोटं वाटत असेल तर हमालांना विचारा. त्याच वाऱ्याने बोटीतून उतरणाऱ्या घड्याळजीची टोपी पळवली आणि थेट जकातीच्या तपासनीस बाईंच्या टेबलावर आणून टाकली.

"परदेशी मालावर जकात लागते," ती मान वर न करता म्हणाली.

"डोकंही सोबत आणलंय. जोडीला काही सूट...?"

ती हसलीच असती — पण मागे मोठे साहेब उभे होते.

"पेटीत काय?"

"घड्याळं. आजोबांच्या कारखान्यातली. इथल्या बाजारात पहिल्यांदाच."

"चालू की बंद?"

"बंद."

तिने शिक्का उचलला... आणि पेटीच बोलली. टिक... टिक... टिक...

"बॉम्ब! पळा!" कुणीतरी ओरडलं.

धक्का रिकामा झाला. एक जाडे दलाल तर म्हणे सरळ क्रेनच्या टोकावर जाऊन बसले. साहेब पिंपाआडून ओरडले, "ढकला ती समुद्रात! आणि त्या नगाला आल्या बोटीने परत धाडा!"

घड्याळजी पांढराफटक पडला. पेटी बुडाली की आजोबांचा कारखानाही बुडणार होता. तो पेटीवरच बसला. "मग माझ्यासकट ढकला."

तिने पळायला हवं होतं. ती जवळ आली.

"बंद म्हणालात ना?"

"पेटीत बंद! खिळे ठोकून!"

"अहो, आमच्याकडे बंद म्हणजे न चालणारं!"

"थांबलेलं घड्याळ घराबाहेर काढायचं नाही, असा आजोबांचा दंडक. चावी देऊनच भरतात."

"आणि प्रवासभर चालतं?"

"लाटा चावी देतात... शपथ. तुमची घेऊ?"

"ओळख ना पाळख, माझी कशाला?"

बोटीचा भोंगा वाजला. तिने हमालांची पहार उचलली.

"तुम्ही मागे व्हा," तो म्हणाला.

"तपासणी माझं काम आहे."

दोघांचे हात एकाच पहारीवर. खिळा करकरला... तिने डोळे मिटले. झाकण उघडलं —

आत भुसा, भुशात घड्याळं. बाकीची घड्याळं वाटेत दमली होती. एकच हट्टी टिकटिकत होतं.

साहेब कपडे झटकत आले. "हे काय?"

"नमुना, साहेब. जप्त. बाकी माल सोडला." शिक्का उमटला. तिकडे बोटही सुटली, त्याच्याशिवाय.

घड्याळजी हळूच म्हणाला, "इथे लाटा नाहीत. त्याला रोज चावी द्यावी लागेल."

"मग रोज या."

"रविवारी?"

"रविवारी कचेरी बंद."

"बंद म्हणजे... तुमच्याकडचं, की आमच्याकडचं?"

तिने टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, जरा तिरकीच. "कचेरी बंद... मी नाही."

हमाल सांगतात, त्या क्षणी पेटीतली सगळी घड्याळं एकदम चालू झाली. या खेपेला मात्र कुणी पळालं नाही.