पाचव्या वळणावरचा आवाज

गॅसची टाकी सरली म्हणून मी त्या दिवशी सकाळीच कंधारला गेलो होतो. टाकी, दोन किलो बेसन आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन दुपारी परत आलो. एवढंच काम होतं. तुळजाबाई, म्हणजे आमची मंडळी, भज्यासाठी कांदे चिरत बसली होती. माघ सरत आला होता. ऊन अजून अंगाला लागत नव्हतं.

हे आमचं हॉटेल घाटाच्या माथ्यावर आहे. इथून रस्ता नऊ वळणं घेत जळकोटच्या अंगाला उतरतो. मी सत्तावीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी ह्याच घाटात. तेव्हा रस्ता खड्ड्यांचा होता आणि माणसं जीव मुठीत धरून हळू जायची. रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, आणि लोहा, कंधार, उदगीरची पोरं भारीतल्या गाड्या घेऊन यायला लागली. वळणावर गाडी इतकी आडवी घालायची की गुडघा डांबराला टेकला पाहिजे. एकानं चालवायची, दुसऱ्यानं मोबाईलवर चित्रण करायचं. आमचा आदिनाथही त्यातलाच. तेव्हा बावीस वर्षांचा होता. लातूरला बियाण्याच्या दुकानात कामाला लागला होता आणि पहिल्या चार पगारांतून त्यानं गाडी उचलली होती. मी बोललो की म्हणायचा, "अप्पा, तुमी बस चालवली. गाडी येगळी असती."

तर त्या दुपारी मी टाकी जोडत होतो आणि खालून आवाज आला.

आधी इंजिनाची ताणलेली किंकाळी. मग टायर घासल्याचा आवाज. मग लोखंड डांबरावरून फरफटत गेलं, लांबपर्यंत. शेवटी हॉर्न अडकला. तो वाजतच राहिला, वाजत राहिला, बारीक होत गेला आणि एकदम बंद पडला.

मी घड्याळ पाहिलं. ड्रायव्हरची सवय. तीन चाळीस. पाण्याचा कॅन आणि चादर घेऊन धावत सुटलो. आवाजावरून वळण ओळखता येतं मला. पाचवं.

पाचव्या वळणावर काही नव्हतं. रस्ता लख्ख मोकळा. कठड्यावर व्यंकटी बसला होता. खालच्या तांड्याजवळ शेरडं चारतो तो. मला धापा टाकताना पाहून उठला.

"मामा, काय झालं?"

"इथं कोण पडलं?"

"कुणी न्हाई. मी बारापासून इथंच हाय."

"आवाज ऐकला न्हाईस तू?"

त्यानं नकाराची मान हलवली. पण वास येत होता. सांडलेल्या पेट्रोलचा, आणि तापलेल्या ब्रेकचा. व्यंकटीलाही आला. त्यानं नाकाला उपरणं लावलं आणि शेरडं वर हाकलली.

तिसऱ्या दिवशी, तीन चाळीसला, तोच आवाज पुन्हा आला. किंकाळी, टायर, फरफट, हॉर्न. तेवढाच लांब. ह्या वेळी खाली गाडी होती. उदगीरची दोन पोरं होती. एक जागेवर गेला होता. दुसऱ्याला मी चादरीत घेतलं, एकशेआठची गाडी येईपर्यंत त्याचा हात धरून बसलो. तो हात अजून आठवतो. बोटांवर शाईनं परीक्षेचा नंबर लिहिलेला होता.

तुळजाबाईला मी आधीच्या आवाजाचं सांगितलं नाही. स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

होळी झाली आणि पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा झालं. दुपारचीच वेळ. ह्या खेपेला फरफटीनंतर हॉर्न नव्हता. रिकामं हेल्मेट रस्त्यावरून घरंगळत गेल्याचा आवाज होता, टकटक करत, थांबत थांबत. मी खाली गेलो. रस्ता मोकळा. वास तोच.

तीन दिवस आहेत, हे आता मला माहीत होतं. मी रस्त्याच्या ऑफिसात जाऊन आलो. तिथल्या साहेबानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, वळणावर पाटी आहे ना. मग तिसऱ्या दिवशी मीच तांबडं फडकं घेऊन पाचव्या वळणावर उभा राहिलो. व्यंकटी सोबत होता. तीन छत्तीस. तीन अडतीस. वरून तीन गाड्या एकामागोमाग सुसाट आल्या. मी मधोमध उभा राहून फडकं हलवलं. पहिल्यानं मला पाहून ब्रेक दाबला. दुसरा कसाबसा निसटला. तिसऱ्याची गाडी आडवी झाली आणि फरफटत माझ्या पायापासून हातभर अंतरावरून कठड्याला गेली.

मग हेल्मेट घरंगळत आलं. टकटक. थांबत थांबत.

पोरगं जगलं. पाय मात्र गेला. त्याचे दोस्त मला शिव्या देत होते, म्हातारा मध्ये आला म्हणून. मी तिथं उभा नसतो तर तो पडला असता का, हे मला आजही सांगता येत नाही. त्या दिवसापासून रात्री डोळा लागेना. तुळजाबाई विचारायची, मी म्हणायचो, पित्त झालंय.

आणि मग चैत्रातला तो दिवस.

आदिनाथ सुट्टीवर आला होता. जेवून आतल्या खोलीत बाजेवर झोपला होता. ऊन असं होतं की रस्त्यावर चिटपाखरू नाही. तुळजाबाई विहिरीवर गेली होती. मी दारात बसून होतो आणि आवाज आला.

ह्या वेळी किंकाळी नव्हती. एकच गाडी, बेताच्या वेगाची. टायरचा आवाजही थोडासाच. मग धप्प. मग शांत. खालून, दरीतून, अगदी स्पष्ट हाक आली.

"अप्पा… पाणी…"

मी भिंत धरत आत गेलो. आदिनाथ बाजेवर झोपलेला होता. तोंड मिटलेलं. छाती खालीवर होत होती. आणि खालून पुन्हा त्याचाच आवाज आला.

"अप्पा…"

घड्याळात तीन चाळीस.

ह्या वेळी मी खाली गेलो नाही. फडकं घेऊन उभा राहिलो तर काय होतं ते पाहिलं होतं. मी एकच ठरवलं, पोराला ह्या घाटापासून जितकं लांब नेता येईल तितकं न्यायचं. त्याच रात्री त्याच्या गाडीचा प्लग काढून पिठाच्या डब्यात टाकला. सकाळी सांगितलं, औशाला राजकन्या आत्याकडं जायचं, तिनं तुझ्यासाठी स्थळ पाहिलंय.

"गाडीवर जाऊ," तो म्हणाला.

"बसनं जायचं."

"अप्पा, बसनं दिवस जाईल."

"जाऊ दे."

तो घुश्श्यात होता, पण आला. तुळजाबाईला मी सोबत घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. हॉटेल बंद ठेवलं तर दुधाचं काय, असं ती म्हणाली आणि मी जास्त बोललो असतो तर खरं सांगावं लागलं असतं. तिला भीती घालायची नव्हती मला. इतकंच.

औशाला माझी बहीण किल्ल्याच्या बाजूला राहते. स्थळाचं खोटं होतं हे तिला फोनवर सांगून ठेवलं होतं. तीही बिचारी काही न विचारता दोन दिवस पोराला इकडचं तिकडचं सांगत राहिली. तिसऱ्या दिवशी मी आदिनाथला दारापलीकडं जाऊ दिलं नाही. जेवायला उशीर केला. तीन वाजता ताटं वाढायला लावली आणि त्याच्या समोर बसलो. बाहेरचं दार लावून कडी घातली.

"दादा, तू जेव ना," राजकन्या म्हणाली. मला घास गिळवत नव्हता.

तीन पस्तीस. पोरगं आमटीत भाकरी चुरत होतं. तीन चाळीस. त्यानं मिरची मागितली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिलो. पंचेचाळीस झाले. पन्नास झाले. आदिनाथ जेवतच होता आणि मला हसावं की रडावं कळेना. मी भाकरीचा पहिला तुकडा मोडला.

तेवढ्यात फोन वाजला. तुळजाबाईचा.

"ओ… कुठं हाव तुमी?" तिचा दम लागलेला होता.

"औशाला. काय झालं?"

"मला सांगितलं का न्हाई, आदू परत यायला निघाला म्हणून? पडलाय तो. पाचव्या वळणावर."

"कोण पडलाय?"

"आपला आदू. आवाज ऐकून मी धावत आले. गाडी कुणाची आणली काय की, दिसत न्हाई, खाली गेली आसंल. डोकं मांडीवर घेतलंय मी. पाणी पाजून राहिले… तुमाला हाका मारतोय. गाडी करून लवकर या."

मी फोनचा आवाज मोठा केला आणि आदिनाथच्या पुढं धरला. त्याचा हात ताटातच राहिला.

"माय," तो म्हणाला, "मी इथं हाय. औशात. आत्याकडं जेवून राहिलो."

पलीकडं काही आवाज नाही. नंतर लक्षात आलं, आवाज आहे. कुणीतरी पाणी घोटत होतं. अडकत, अडकत.

मग ती अगदी हळू बोलली. जणू मांडीवरच्याला ऐकू जाऊ नये.

"…मग ह्यो कोण हाय?"

आणि तिच्या आवाजाच्या मागून, बारीक, थकलेलं, "अप्पा…"

आदिनाथनं स्वतःचा आवाज ओळखला. तो भिंतीला जाऊन टेकला. राजकन्यानं तोंडाला पदर लावला.

"आदूची माय," मी म्हणालो, "ऐक. डोकं हळूच खाली ठेव. ऊठ आणि वर ये. मागं बघू नको."

"कसं ठेवू ओ…" ती म्हणाली. "तहानलेला हाय."

फोन बंद झाला.

मी व्यंकटीला फोन केला. तो शेरडं सोडून पळत गेला. तो सांगतो ते असं. तुळजाबाई रस्त्याच्या कडेला मांडी घालून एकटीच बसलेली होती, एक हात हवेत, कुणाच्या मानेखाली धरावा तसा. रस्त्यावर रक्त नाही, काच नाही, ओरखडा नाही. तांब्या रिकामा होता. लुगड्यावर पाणी सांडलं असंल म्हणून त्यानं हात लावून पाहिला. कोरडं होतं. खालची जमीनही कोरडी होती.

आम्ही जीप करून दिवेलागणीला पोचलो. तिनं आदिनाथला पाहिलं, त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं आणि मग तिला ताप भरला. दोन दिवस ती काही बोलली नाही. आदिनाथनं प्लग कुठंय हेसुद्धा विचारलं नाही. आठवड्यात गाडी विकली. आता लातूरला खोली घेऊन राहतो, इकडं येतो तो बसनं. पाचव्या वळणाला पुढं लोखंडी कठडा बसला, रस्त्यावर उंचवटे झाले. पोरं आताशा दुसरीकडं जातात. मलाही पुन्हा कधी आवाज आला नाही. मी मनाशी धरलं होतं की टळलं. पोराच्या वाटचं होतं ते आपण टाळलं.

गेल्या दसऱ्याच्या आधी तुळजाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुमाला एक सांगायचं ऱ्हायलंय."

"काय?"

"त्यो आदूच व्हता. मी आई हाय, मला कळतं. कपाळावरचा वण बी तोच."

"बरं. आता कशाला काढतीस ते?"

"पण त्यो आताचा आदू नव्हता." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "कानाजवळचे केस पिकले व्हते त्याचे. दाढीत पांढरं व्हतं. चाळिशीचा तरी आसंल."

ती सूप घेऊन आत गेली.

आदिनाथला आता सव्विसावं लागलंय. दसऱ्याला आला तेव्हा तुळजाबाईनं त्याला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावलं. मी समोरच चहा गाळत होतो. तिची बोटं कानाजवळ थांबली. तिनं चष्मा वर केला, केस बाजूला सारले आणि बराच वेळ बघत राहिली.

"काय बघून राहिलीस, माय?" त्यानं विचारलं.

"काही न्हाई," ती म्हणाली, आणि चिमटीत धरून एक केस उपटला.