गाळलेलं कडवं

मनीषला पाहण्याआधीच मोनालीने त्याची कविता वाचली होती, तीही मोठ्याने, भरल्या वर्गासमोर.

बोईसरला एका क्लासच्या वर्गात महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी कवितावाचन भरतं. फळ्यावरचं बीजगणित तसंच राहतं आणि बाकांवर कवी बसतात. त्यातले निम्मे कारखान्यात शिफ्टला जाणारे. ज्याची शिफ्ट आडवी येते तो कविता पाठवून देतो आणि हजर असलेलं कुणीतरी ती वाचतं. वाचणाऱ्याने आधी कवीचं नाव सांगायचं, मग शिफ्ट. एक शब्द बदलायचा नाही, एक ओळ गाळायची नाही. हा नियम वाचन भरवणाऱ्या नामदेव सरांचा, आणि तो आजवर कुणी मोडला नव्हता.

त्या दिवशी सरांनी मोनालीच्या हातात मोबाइल दिला. ती म्हणाली, “मनीष, सेकंड शिफ्ट,” आणि वाचू लागली. कविता संपता संपता दारात एक उंच मुलगा येऊन थांबला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, केस घामाने चिकटलेले. तो अर्धी शिफ्ट टाकून कुंभवलीच्या कारखान्यातून आला होता.

नंतर जिन्यात तो म्हणाला, “माझी कविता एवढी चांगली नव्हती.”

“नव्हतीच,” मोनाली म्हणाली. “मी वाचली म्हणून.”

तो हसला... आणि तिला उगाचच वाटलं की पुढच्या महिन्यातही याची सेकंड शिफ्टच असावी.

तसंच होत गेलं. त्याच्या कविता तिच्याकडे यायच्या. ती पालघरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची; सुया-नळ्यांमधून सवड मिळाली की त्याच्या ओळी पुटपुटत बसायची. त्याला सुट्टी असली की दोघं चहा प्यायचे. तो सांगोल्याकडचा. समुद्र त्याने नोकरीला आल्यावर पहिल्यांदा पाहिला होता आणि अजूनही तो पाण्यात घोट्यापर्यंतच जायचा. ती त्यावरून त्याला भरपूर चिडवायची.

एकदा तो शिरगावला तिच्या घरी आला. अंगणात बांबूंवर दोऱ्या ताणून बोंबील वाळत घातलेले. तो वाकून चालला, तरी एक बोंबील कानाला लागलाच. मोनालीची आई, भागी, तोंडाला पदर लावून हसली. ती दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून दोरीवर टाकत होती.

“यांच्या जोड्या कोण ठरवतं?” मनीषने हळूच विचारलं.

“आई,” मोनाली म्हणाली. दोघंही मग बराच वेळ दुसरीकडे बघत राहिले.

मार्चमध्ये त्याची नवी कविता आली, वाचन सुरू व्हायच्या जरा आधी. सेकंड शिफ्ट आहे, तू वाच, एवढंच खाली लिहिलेलं. मोनालीने ती आधी चाळलीही नाही. तिचं लक्ष दाराकडे लागलं होतं, कारण दारातून आई आत येत होती. कधी वाचनाला न येणारी आई, नारळी पौर्णिमेचं हिरवं लुगडं नेसून, थेट पहिल्या बाकावर. आईला इथे यायचं का सुचलं, हे तिला कळेना.

“मनीष, सेकंड शिफ्ट.”

कवितेत दोऱ्या होत्या, खारा वारा होता, कानाला लागलेला बोंबील होता. वर्ग हसला. मोनालीही हसत वाचत होती, आणि मग तिची नजर पुढे धावली.

*मी कोरड्या रानातला,*
*मला भरती-ओहोटी कळत नाही.*
*पण दोरीवर एक जागा रिकामी दिसते –*
*तुझ्या आईला विचारू का?*

आई समोर होती, डोळे तिच्यावर लावून. मोनालीने शेवटचं कडवं तसंच सोडलं. तिने मोबाइल खाली केला आणि म्हणाली, “धन्यवाद.” टाळ्या पडल्या.

रात्री तिने मनीषला कळवलं की कविता आवडली सगळ्यांना. त्याने नुसता अंगठा पाठवला. असलं उत्तर मोबाइलवर द्यायचं नाही, समोर द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. तो सुट्टी घेऊन गावी गेल्याचं कळलं, तरी ती थांबली. पुढच्या वाचनाला कुठला ड्रेस घालायचा, हेही ठरलं होतं.

पुढच्या वाचनाला मनीष पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. गावी त्याचा साखरपुडा झाला होता. सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. जिन्यात तो तिच्यासमोर थांबला.

“तू शेवटचं कडवं वाचलं नाहीस,” तो म्हणाला.

“तुला कोणी सांगितलं?”

“मी इथेच होतो. शिफ्ट बदलून घेतली होती. जिन्यात उभा राहून ऐकत होतो.”

“आई समोर बसली होती, मनीष...”

“मीच बोलावलं होतं त्यांना. बाजारात त्यांच्याकडून मासळी घेताना.” तो जिन्याच्या कठड्याकडे बघत बोलत होता. “सरांचा नियम तू मोडणार नाहीस, एवढी खात्री होती. मोडलास, तेव्हा वाटलं... हेच उत्तर.”

“नंतर विचारायचंस तरी.”

“हो,” तो म्हणाला. “विचारायला हवं होतं.”

त्याने बॉक्स पुढे केला. तिने पेढा घेतला. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी भागी अंगणात बोंबील टाकत होती. मोनालीने तिच्या हातावर तो पेढा ठेवला आणि कुणाचा ते सांगितलं. आईने तो पदराच्या टोकात बांधला. खाल्ला नाही.

“त्या दिवशी मधीच का थांबलीस गो?” तिने विचारलं. “अजून काय तरी होता ना?”

मोनालीने मोबाइल काढला नाही. तिला ते पाठ होतं. दोरीशी उभं राहून तिने म्हटलं, “मनीष, सेकंड शिफ्ट,” आणि शेवटचं कडवं म्हटलं, एकही शब्द न गाळता.

भागीचे हात थांबले.

“मना ठाव होता,” ती म्हणाली. “नायतर ता लुगडा मी उगाच नेसून आलते?”

मग तिने टोपलीतून दोन बोंबील उचलले, जबड्यात जबडा अडकवला आणि रिकाम्या जागी टाकले.