कालची रेघ

सकाळी साडेआठला चाकणच्या कारखान्यातून फोन आला आणि फौजदार दीक्षाचा चहा तसाच राहिला. प्रॉडक्शन मॅनेजर गुरुदत्त रात्रपाळी संपवून कंपनीच्याच दवाखान्यात आडवा झाला होता, तो उठेचना. त्याला इस्पितळात हलवलं होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, "काय टोचलंय ते तासाभरात सांगा. नाहीतर माणूस हातचा जाईल."

दवाखान्यात एकटी नर्स होती, चिखलीची जयमाला. न विचारताच तिने एक इवलीशी बाटली पुढे केली.

"हे झोपेचं पेप्टाइड, मॅडम. साहेब इंटरनेटवरून मागवायचे."

दीक्षाने इस्पितळातल्या डॉक्टरांना फोनवर विचारलं. असं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, शरीरातही सापडतं, झोपेसाठी नि ताणासाठी त्यावर अभ्यास चाललाय, पण एवढी बेशुद्धी त्याने यावी असं वाटत नाही, ते म्हणाले.

"आज इंजेक्शन कुणी दिलं?"

"मीच. रोज मीच देते."

"याच बाटलीतून?"

"व्हय. साहेबांच्या डोळ्यांदेखत."

बाटलीवर मार्करच्या बारीक रेघा होत्या, प्रत्येकीपुढे तारीख. गुरुदत्तची खोडच ती. कारखान्यात बोल्ट आवळला की खूण, तशी डोस घेतला की उरलेल्या औषधाच्या पातळीवर रेघ. दीक्षाने बाटली उजेडात धरून पाहिली.

मग तिने टेबलावरची अपघातांची वही उघडली. शेवटची नोंद दोन महिन्यांपूर्वीची: रोहिदास, राहणार चिखली, वय चोवीस, प्रेस मशीनखाली मृत्यू, सलग तिसरी पाळी. खाली गुरुदत्तची सही.

"रोहिदास तुमचा कोण?"

जयमाला टेबलावरचा कापूस आवरू लागली.

"औषध अजून कालच्याच रेघेवर आहे, ताई. थेंबभरही कमी झालेलं नाही. आजची सुई तुम्ही दुसऱ्याच कशाने भरलीत आणि आळ या बाटलीवर यावा म्हणून ती पुढे केलीत. काय टोचलंत?"

"धाकटा भाऊ माझा," जयमाला म्हणाली. "डोळे मिटत हुते त्याचे. चार तास झोपू द्या म्हणून ह्याच्या पाया पडला. न्हाई म्हनला, माल अडकंल. आन सोताला झोप येत न्हाई म्हणून माज्याच हातनं टोचून घेत हुता. झोपू द्या आता, कायमचा."

दीक्षालाही संताप आवरेना. पण तास संपत आला होता.

"मेला तर तो सुटला. फोटोला हार घालतील आणि बिचारा साहेब म्हणतील. जगला तर ही वही घेऊन मी त्याला कोर्टात उभा करते. तुम्हालाही शिक्षा होईल, पण त्यालाही उत्तर द्यावं लागेल."

जयमाला वहीकडे बघत राहिली. मग तिने कपाट उघडून इंजेक्शनची फोडलेली काचेची कुपी दीक्षाच्या हातावर ठेवली; तिच्यावर औषधाचं नाव होतं.

"वाचवा त्याला," ती म्हणाली. "आन जन्मभर जागा ठेवा."