चौदा ए, खिडकीची जागा

धुकं इतकं दाट होतं, की दुकानाचं दार उघडून कोण आत आलं ते कळलंच नाही. आधी आला गारवा, मग ओल्या मातीचा वास, आणि मग… तो.

नारायणगावच्या स्टँडसमोर आरोहीचं तिकीट बुकिंगचं दुकान होतं. रेल्वे, लक्झरी, आणि या वर्षापासून चक्क विमानसुद्धा! बी. कॉम. झाल्यावर घरी बसून बघायला येणाऱ्यांना पोहे देण्यापेक्षा तिनं हे काउंटर चालवायला घेतलं होतं. अख्ख्या जुन्नर तालुक्यात आपल्याइतकं भराभर आणि बिनचूक टाइप करणारं कुणी नाही, अशी तिची खात्री होती. (आणि ते खरंच होतं!)

"विमानाचं तिकीट मिळंल का?" त्यानं विचारलं. हातात हेल्मेट, केसांवर दवाचे बारीक थेंब.

"पैसे टाकले तर रॉकेटचंपण मिळंल. कुठं जायचंय, पावणं?"

"लेहला."

"जानेवारीत? अहो, हनिमूनला लोक मे महिन्यात जातात तिकडं."

"लोक जोडीनं जातात," तो म्हणाला. "मी एकटाच हाय."

आणि त्यानं असं काही पाहिलं, की आरोहीनं घाईघाईनं कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसली.

त्याचं नाव ऋषी. खोडदचा. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड पांढऱ्या अँटेनांच्या सावलीत गुरं राखत वाढलेला, आणि म्हणूनच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. लेहच्या पुढं एका डोंगरावर दुर्बीण होती, तिथं त्याला टेक्निशियनची नोकरी लागली होती. वीस तारखेला हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार. हिवाळ्यात तिकडचे रस्ते बंद. विमानाशिवाय वाट नाही, आणि त्या आठवड्यात एकाच कंपनीच्या विमानात जागा शिल्लक होत्या.

"पाच मिनिटांचं काम," आरोही म्हणाली. नाव टाकलं. ऋषी चांगदेव. बटण दाबलं.

स्क्रीन पांढरी झाली. मग एकच ओळ उमटली — या प्रवाशाला तिकीट देता येत नाही.

तिनं पुन्हा टाकलं. तीच ओळ. दुकानाच्या कार्डावरून पैसे भरून पाहिले. तीच. गंमत म्हणून स्वतःच्या वडिलांचं नाव टाकलं, तर तिकीट लगेच तयार! ते रद्द करून तिनं परत ऋषीचं नाव टाकलं… आणि या वेळी तर बटण दाबायच्या आधीच ती ओळ समोर आली.

"तुमच्या नावावर काहीतरी बसलंय, राव," ती हसत म्हणाली. पण तिच्या हातांवर काटा आला होता.

तिनं कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. ऋषीनं आपलं नाव सांगितल्यावर पलीकडून एका बाईचा गोड आवाज आला.

"सर, मागच्या वर्षी तुम्ही बँकेकडून आमच्या दोन तिकिटांचे पैसे परत घेतलेत. अशा प्रवाशांना कंपनी पुन्हा तिकीट देत नाही."

"अहो, पण आमी गेलोच नव्हतो!" ऋषी म्हणाला. "माझी आई, प्रयागबाई… तिला एकदा तरी विमानात बसायचं व्हतं. वावरावरनं विमान गेलं की खुरपं खाली ठेवून बघत राहायची. दिल्लीची दोन तिकिटं काढली मी. पण त्याच दिवशी सकाळी ती वारली. मृत्यूचा दाखला पाठवला तुमाला. तुमी दाद दिली न्हाई, म्हणून बँकेकडं गेलो."

पलीकडं कीबोर्डची टकटक झाली.

"सर, रेकॉर्डप्रमाणे दोघांनी प्रवास केलाय. चौदा ए, प्रयागबाई. चौदा बी, तुम्ही."

आरोहीनं ऋषीकडं पाहिलं. तो पांढराफटक पडला होता.

"चौदा ए या जागेवर एक वस्तू राहिल्याचीही नोंद आहे," आवाज पुढं म्हणाला. "एक रुमाल. निळ्या काठाचा. एका टोकाला गाठ… आणि गाठीत सुपारी. तीन महिने कुणी न्यायला आलं नाही, म्हणून नष्ट केला. पैसे परत भरा आणि दोघांनी प्रवास केल्याचं लिहून द्या. नाव यादीतून निघेल."

फोन बंद झाला. ऋषीनं हेल्मेट उचललं आणि धुक्यात निघून गेला.

दोन दिवस त्याचा पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी, सतरा तारखेला, आरोहीनं सकाळीच दुकानाला कुलूप लावलं आणि स्कूटी थेट खोडदच्या रस्त्याला घातली. गिऱ्हाइकाच्या मागं कुणी एवढं जातं का? नाही जात! पण तिला रात्रंदिवस ते दवाचे थेंब दिसत होते, त्याला ती तरी काय करणार?

तो बांधावर बसला होता. मागं धुक्यात अँटेना उभ्या, त्यांचे पाय दिसेनात, नुसत्या पांढऱ्या थाळ्या हवेत तरंगत होत्या.

"वीस तारीख जवळ आली," ती शेजारी बसत म्हणाली. मध्ये एक हात अंतर ठेवून. म्हणजे, अर्धा हात.

"तो रुमाल आईचाच व्हता," ऋषी हळूच म्हणाला. "यष्टीच्या खिडकीतून नुसता रुमाल टाकला की भलत्याच सीटवर पडतो. म्हणून ती टोकाला सुपारी बांधायची. लई गर्दी असू द्या, खिडकीची जागा तिचीच. नेम कधी चुकला न्हाई."

"मग तो विमानात कसा—"

"तेच तर! तो रुमाल मी माझ्या हातानं तिच्या मुठीत दिला व्हता. चितेवर."

आरोहीला पाठीवरून कुणीतरी गार बोट फिरवावं तसं झालं. तिनं मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

"मी लिहून देणार न्हाई," तो म्हणाला. "नोकरी गेली तर जाऊ दे. त्या दिवशी मी तिच्या उशाशी व्हतो, विमानात न्हाई."

"त्या दिवशी तुमचा जीव कुठं होता?"

"कुठं म्हंजे? आईपाशी."

"मग झालं तर! ती जिथं गेली, तिथं तुम्ही शेजारी. कंप्युटरनं काय चुकीचं लिहिलं?"

ऋषी तिच्याकडं बघतच राहिला. मग एकदम हसला, आणि हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"आणि पैसे परत घेऊन मी तिला बिनतिकिटाची बसवली की हो! कंडक्टर यायच्या आधी मोड हातात धरणारी बाई ती. वरती किती शिव्या घालत असंल मला…"

त्याच क्षणी खोल घरघर ऐकू आली. धुक्यातल्या सगळ्या थाळ्या एकदम, अगदी सावकाश वळल्या आणि आभाळात एकाच जागी बघत थांबल्या. रोजचंच होतं ते. तरी आरोहीनं त्याचा हात घट्ट धरला. अंतर कधी संपलं, कळलंच नाही.

"मी गेलो तर तुमाला काय मिळणार, मॅडम?"

"मला? कमिशन."

"लई?"

"नाय…" ती दुसरीकडं बघत म्हणाली. "लई नाय."

त्याच दुपारी पैसे भरले, कागद फॅक्स केला. अठराला यादीतून नाव निघालं. आरोहीनं तिकीट काढलं, त्याच रात्री दिल्ली आणि सकाळी तिथून लेह, एका प्रवाशाचं, ऋषी चांगदेव, दोनदा तपासून. तो निघताना तिला खूप काही बोलायचं होतं. बोलली काय, तर "स्वेटर घेतलंत ना?"

एकोणीसला सकाळी दुकानाच्या काचेबाहेर पुन्हा तेच धुकं. मोबाईल वाजला.

"आरोही…" मॅडम नाही. आरोही! "मी दिल्लीत विमानात बसलोय. एक विचारायचं व्हतं. तुमी माझ्या शेजारची सीट पण काढली का?"

"नाही. का हो?"

"इथल्या विमानवाल्या बाई माणसं मोजतायत. एक कमी भरतंय. माझ्या शेजारच्या बाई कुठं गेल्या, म्हणून विचारतायत."

"कोण बाई?"

"त्यांच्या कागदावर नाव हाय. आरोही भागुजी." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "सीट रिकामी हाय. पण बेल्ट लावलेला हाय, राव. कुणाच्या तरी पोटावर लावावा, तसा."

आरोहीनं गार बोटांनी बुकिंग उघडलं. स्क्रीनवर दोन नावं होती. एक तिनं टाइप केलेलं. दुसरं तिचं.

ती एकदाही चुकलेली नव्हती. दोनदा तपासलं होतं.

"भ्यालात?" तिनं विचारलं.

"आधी भ्यालो. आता… बरं वाटतंय. तुमी नसला तर सांगा, मी बेल्ट काढतो."

इंजिनचा आवाज वाढत चालला होता. आरोहीनं डोळे मिटले. कानात दडे बसले, आणि पायाखालची फरशी जराशी, अगदी जराशी, वर उचलली गेली.

"काढू नका," ती म्हणाली. "मी आहे."

फोन बंद झाला. दार उघडलं आणि धुक्याबरोबर तिचे अण्णा, भागुजी, डबा घेऊन आत आले. लेकीचा चेहरा पाहून दारातच थबकले.

"काय गं? एवढी गार का पडलीस? कुणाचा फोन व्हता?"

"अण्णा, खोडदचा ऋषी म्हणून आहे. मला त्याच्याबरोबर जायचंय. लेहला."

अण्णांनी डबा सावकाश टेबलावर ठेवला.

"कधी निघायचं म्हणतीस?"

खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काहीच नव्हतं. ना स्टँड, ना रस्ता. नुसते ढग, आणि ते मागं मागं सरकत होते.

"निघालेय," आरोही म्हणाली.