दोन वाजताचे ऐंशी

“आज तीन वाजता माझा परवाना जाणार,” स्कॅन सेंटरमधली तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. “काल दुपारी दोनला एका आजोबांना मी दुप्पट किरणोत्सारी औषध टोचलं म्हणे. पण माझा हिशोब चुकला नाही हो!”

खासगी तपास करणाऱ्या वहिनींनी घड्याळ पाहिलं. एक वाजला होता. सोबतच्या भावजींनी मान हलवली. तेवढं त्यांना छान जमत असे.

“हिशोब सांग.”

“सकाळी आठची बाटली. आठ मिलीत ऐंशी मिलिक्युरी जोर. दर सहा तासांनी औषधाचा जोर निम्मा होतो. म्हणून दोनला वीस द्यायचे तर चार मिली ओढायचे. तेवढेच ओढले.”

“भरलेल्या सुईचा जोर मोजला नाहीस?”

“मोजायचं यंत्र मॅनेजरसाहेबांच्या खोलीत, कुलपात असतं.”

मॅनेजर म्हणजे मालक डॉक्टरांचे जावई. पात्रता तेवढीच. अंगात कडक सूट, पायांत रबरी चपला.

“बूट चावतात,” ते म्हणाले. “दोनपर्यंत सकाळच्या बाटलीला कुणी हात लावला नव्हता. दोनला मी स्वतः मोजली, ऐंशी भरली. हिने सुई भरल्यावर उरले चाळीस. उघड आहे सगळं.”

“शेजारची खोली बंद का?”

“फरशी ओली आहे. उद्या उघडू.”

“कालपासून ओलीच?”

जावयांनी टाय सारखा केला.

मालक डॉक्टर मुलीविरुद्धच्या तक्रारीवर सही करत होते. “जावईबापू म्हणतात तर तसंच असणार,” ते मान वर न करता म्हणाले.

“वहिनी, आकडे चोख आहेत,” भावजी कुजबुजले. “पोरगी गेली कामातून.”

“चोख आहेत म्हणूनच हे गृहस्थ अडकले.” वहिनी जावयांकडे वळल्या. “आठची न उघडलेली बाटली दोनला चाळीसच भरेल. ऐंशी भरली, म्हणजे ती ताजी, दुसरी बाटली होती. सकाळच्या डब्यात, सकाळच्याच लेबलाखाली. लेबलावर विश्वास ठेवून हिने चार मिली ओढले आणि चाळीस गेले. सकाळची बाटली तुम्ही त्या बंद खोलीत फोडलीत. उद्यापर्यंत जोर ओसरेल, कुणाला कळणार नाही, एवढीच काय ती अक्कल!”

“पुरावा आहे?”

मुलीने किरणमापक आणला. जावयांच्या कपाटापाशी तो कडकड वाजू लागला. आत, पिशवीत गुंडाळलेले बूट होते.

“कालच्या जोराचा जेमतेम सोळावा हिस्सा उरलाय,” वहिनी म्हणाल्या. “तेवढाही पुरला.”

मालकांनी घाईघाईने तक्रार फाडली. “झालं गेलं, मिटलं ना आता?”

“आजोबांना कळवलंत?”

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं, जावयाने चपलांकडे. मुलीने तोवर फोन लावला होता.

“आजोबा, सेंटरमधून बोलतेय. काल तुम्हाला दुप्पट औषध गेलं. माझ्याच हातून.”