फोटोत हललं कोण

“एक्स-रेच्या फोटोत मन दिसतं का हो?”

हा प्रश्न मुळात मनालीचा नव्हताच. तो मेघाचा होता, आणि काजलने त्याला पैजेची फोडणी दिली होती. विचारलास तर आठवडाभर वडापाव आमच्याकडून, नाय विचारलास तर स्वतःला कबड्डीतली वाघीण म्हणवून घ्यायचं नाय. पकड करताना मनालीच्या डाव्या हाताचं बोट मुरगळलं होतं, आणि शहापूरच्या त्या हाडांच्या दवाखान्यात फोटो काढणारा मुलगा ‘बघण्यासारखा’ आहे, ही खबर मेघाने आधीच काढून ठेवली होती. आता त्या दोघी दाराबाहेरच्या बाकावर एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून बसल्या होत्या, आणि सेकंड इयरला असलेली, वीस वर्षांची, कुणाला न भिणारी मनाली टेबलावर पंजा पसरून लालबुंद कानांनी उत्तराची वाट बघत होती.

मुलगा वळला. असेल पंचविशीचा. सावळा, शांत. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव — जगदीश. तो हसला नाही. परीक्षेत प्रश्न आल्यासारखा विचारात पडला.

“मन नाय दिसत,” तो म्हणाला. “पण कोण हललं, ते दिसतं. आता हलू नका.”

मनाली हलली नाही. श्वाससुद्धा धरून ठेवला. तरी थोड्या वेळाने तो आतून फिल्म बघून आला आणि खाली मान घालून म्हणाला, “परत काढाय लागंल. तुमी हललात.”

“मी नाय हलले.”

“हललात.”

“अहो, पापणीपण नाय लवली माझी.”

“पापणीचा फोटो नव्हता,” तो म्हणाला, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी लुकलुकून गेलं.

वडापाव मिळाले. बोटही बरं झालं. पण मनालीच्या मनात एक कुसळ राहिलं ते राहिलंच... मी हलले नव्हते. मग तो असं का म्हणाला?

पौषात म्हसा गावची जत्रा भरली. मनालीची आजी चंद्राबाई, चौऱ्याहत्तर वर्षांची, दरवर्षी जत्रेला जाणारच. यंदा तिला नवी घोंगडी हवी होती. घोंगडी घेतली, आणि बैलबाजारातून वाट काढताना एका खोंडाचं दावं ताणलं गेलं, आजीचा पाय त्यात गुंतला, आणि ती डाव्या कुशीवर आदळली. लोकांनी उचललं तेव्हाही घोंगडी छातीशी घट्ट होती.

मनालीचे बाबा, बाळाराम, आजीला थेट हाडवैद्याकडे घेऊन गेले. त्यांच्या किन्हवली गावातल्या निम्म्या लोकांचे खांदे आणि मनगटं त्याने बसवलेली. त्याच्यावर कुणी शंका घेत नसे. त्याने पाल्याचा लेप लावला, कंबरेपासून गुडघ्यापर्यंत बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, तीन महिने जागची हलवू नका.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजीचे पाय पुसताना मनालीचा हात थबकला. डावा पाय बाहेरच्या अंगाला कलला होता, आणि उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड दिसत होता. कूस बदलताना आजी घोंगडीचं टोक दातात धरत होती, आवाज बाहेर फुटू नये म्हणून.

“बाबा, एक फोटो तरी काढून आणू.”

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. “इचारतेस का सांगतेस?”

“...इचारते.”

बाबांनी आजीच्या दातातलं घोंगडीचं टोक पाहिलं. मग शेजारच्या शेखरकाकांना गाडी काढायला सांगितली.

जगदीशने मनालीला ओळखलं, पण थट्टेचा एक शब्द काढला नाही. त्याने आजीच्या कमरेखाली चादर सरकवली, चौघांना चार कोपरे धरायला लावले आणि खाली वाकून म्हणाला, “आजी, तुमी कायच करू नका. हलवायचं ते आमी हलवतो.” आजीचा श्वास जरा सैल झाला. त्या क्षणी मनालीला त्याचे हात दिसले. बोटं लांब होती, पण ते महत्त्वाचं नव्हतं. त्यांना घाई नव्हती.

फिल्म उजेडावर धरून त्याने बोटाने दाखवलं. “हा खुब्याचा गोळा. हे मांडीचं हाड. आन् हितं, गोळ्याच्या जरा खाली... हितं मोडलंय. बाकी डॉक्टरबाई सांगतील. मी नुसता फोटो काढतो.”

“कामट्यांनी जुळंल?” बाबांनी विचारलं.

जगदीशने फिल्म खाली घेतली. “आमचा पाडा म्हशाच्या पलीकडं, डोंगरात. माझी मालूआजी अशीच पडली होती. आमीपण कामट्या बांधल्या. दुखतं म्हणून ती हलायची नाय. हलायची नाय म्हणून पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला. अडीच महिन्यांत गेली.” त्याने फिल्म पाकिटात घातली. “तवा आमाला कुणी फोटो काढा म्हणून सांगितलं नाय. मी हे काम शिकलो ते त्याच्यानंतर.”

डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं. ऑपरेशन करून हाडाच्या आत सळी घालायची, वरून स्क्रूने गोळा धरायचा, आणि दुसऱ्याच दिवशी आजीला उठवून बसवायचं. उशीर नको. धोका आहे, पण पडून राहण्यात त्याहून जास्त आहे.

बाबा व्हरांड्यात खिडकीशी जाऊन उभे राहिले. “या वयात चिरफाड... भुलीतून उठलीच नाय तर? मी सही करायची, आन् मीच तिला घालवायची?”

मनाली त्यांच्या शेजारी उभी राहिली. बाबा तानसा धरणाच्या पाइपलाइनवर वॉल्वमन. रागाने बोलून त्यांच्याशी कधी कुणी जिंकलं नव्हतं.

“बाबा, लाइन फुटली तर तुमी वरून फडकं गुंडाळून तीन महिने पाणी बंद ठेवता?”

“येडी का तू? क्लॅम्प मारायचा, लाइन चालू करायची. पाणी थांबलं तर पाइप गंजतो.”

बोलून झाल्यावर बाबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, “पूर्ण भूल नाय देणार. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करतात. आन् बाबा... आजीला कुणी इचारलंय का?”

खरंच कुणी विचारलं नव्हतं. दोघं आत गेले. आजीने सगळं ऐकून घेतलं, मग छताकडे बघत म्हणाली, “वैशाखी पुनवेला विहाराच्या पायऱ्या कोण झाडणार? तू, बाळ्या? तुला केरसुणी कुठून धरतात ते तरी ठावं हाय?”

बाबांनी सही केली. दाराशी जगदीश उभा होता. त्याने मनालीकडे एकदाच पाहिलं. तेवढ्याने तिला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं, आणि असं वाटल्याचा रागही आला.

ऑपरेशन चालू असताना आत हाड दाखवणारं यंत्र चालवायला तोच होता. दीड तासाने सगळ्यांआधी तोच बाहेर आला. अंगावर शिशाचा जड एप्रन, कपाळावर घाम.

“सळी बसली. आजी आत गप्पा मारतायत.”

मनालीला रडू फुटणार होतं, म्हणून तिने चेष्टा केली. “आणि फोटो? कुणी हललं नाय ना?”

“आज नाय,” तो म्हणाला.

“आज नाय म्हणजे?”

पण तो एप्रन सोडवत निघूनही गेला होता.

दुसऱ्या दिवशी आजी वॉकर धरून चार पावलं चालली आणि तिने प्रत्येक पावलाला डॉक्टरबाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. खरी लढाई घरी आल्यावर झाली. भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा पुढे करायचा आणि म्हणायचा, “निजून राहा गो, हाड कच्चं असतं.” मनालीने पुडे घेतले आणि सल्ले दारातच ठेवले. रोज सकाळ-संध्याकाळ आजी ओटीच्या या टोकाकडून त्या टोकाला जायची, मागे मनालीची आई खुर्ची घेऊन. पाय दुखून आजी रुसली, की मनाली जगदीशला फोन लावून द्यायची. तो तिकडून सांगायचा, “आजी, फोटोत मला समजंल हां, चाललात का नाय ते.” मग फोन मनालीकडे यायचा, आणि का कोण जाणे, लवकर ठेवला जायचा नाही.

दीड महिन्याने फोटो काढायला गेले तेव्हा रस्त्याच्या कडेचे पळस पेटले होते. हाड छान धरत होतं. आजी बाबांबरोबर डॉक्टरबाईंकडे गेली, आणि खोलीत ते दोघंच राहिले.

जगदीशने कपाटातून एक खाकी पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. आत फिल्म होती. एक पंजा, बोटं पसरलेली.

“हा तर माझा हात.”

“कोपऱ्यातलं अक्षर बघा. फोटो काढताना डाव्या-उजव्याची खूण ठेवावी लागते. ही उजव्याची हाय.”

“पण माझा हात डावा...”

“तुमी हलला नव्हतात,” तो म्हणाला. मान खालीच होती. “तीन वर्षांत पयल्यांदा मी खूण चुकलो. तुमी ते मनाचं इचारलंत आन् मला डावं-उजवं कळेना.”

मनालीने फिल्म खिडकीकडे धरली. चार महिन्यांचं ते कुसळ निघालं, आणि जागा अजून हुळहुळत होती. “आणि खापर माझ्यावर फोडलंत?”

“भ्यालो.”

“आता?”

“आतापण भ्यालोय. पण खोटं नाय बोलायचं आता.” त्याने मान वर केली. “मनाली... मी तुला आवडतो का?”

तो पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला होता. तिला पटकन ‘हो’ म्हणावंसं वाटलं, आणि म्हणूनच ती थांबली. “तुमच्या पाड्यावर वाघोबा पुजतात, आमच्या घरात बुद्धवंदना. दोन्हीकडं बोलतील. माझं शिक्षण आहे. थांबशील?”

“दिवसभर लोकांना ‘हलू नका’ सांगायचा मला पगार मिळतो. थांबाय येतं मला.”

ती हसली. फिल्म पाकिटात घालून पाकीट तिने आपल्या बॅगेत टाकलं.

“अगो, ती दवाखान्याची हाय.”

“चुकीची आहे ना? मग माझी झाली.”

वैशाखी पौर्णिमेच्या सकाळी आजी पांढरी साडी नेसून विहारापुढे उभी राहिली. एका हातात काठी, दुसऱ्यात केरसुणी. पायऱ्या पाच. जगदीश मनालीच्या निमंत्रणावरून आला होता आणि गरज लागली तर म्हणून वॉकर धरून खाली उभा होता. बाबांना तो अजून ‘फोटोवाला पोरगा’च होता, पण त्यांनी त्याला पाणी विचारलं होतं, दोनदा.

“चढताना चांगला पाय आधी,” आजी स्वतःशीच पुटपुटली आणि पहिली पायरी चढली. दुसरी. तिसऱ्या पायरीवर थांबली. बाबा पुढे झाले, तिने काठीनेच त्यांना मागे सारलं. चौथी. पाचवी. वर पोचल्यावर तिने भिंतीला टेकून दम खाल्ला, आणि मग एका हाताने वरची पायरी झाडायला घेतली. बाबांनी शर्टाच्या बाहीला डोळे पुसले. आईने पदर तोंडाला लावला.

मनालीने खाली पाहिलं. जगदीश आजीच्या पायांकडे बघत होता. मांडीतली ती सळी त्याला तिथूनही दिसत असावी. तिला माहीत होतं, आई विचारील, कुठला, कुणाचा. पाहुणे पुन्हा येतील, पुन्हा बिस्किटाचे पुडे, पुन्हा सल्ले. येऊ देत. सल्ले दारात कसे ठेवायचे ते तिला आता येत होतं.

“आई, बाबा... ऐका जरा.”

बाबा पायऱ्यांवरची नजर न काढताच म्हणाले, “इचारतेस का सांगतेस?”

वर केरसुणीचा आवाज थांबला. आजीचे कान अजून शाबूत होते.

“सांगते,” मनाली म्हणाली. “शिक्षण पुरं झालं की मी जगदीशशी लग्न करणार आहे. ही पैज नाय कुणाची. माझं मीच ठरवलंय.”