अर्ध्या तासाची तलफ

"तंबाखू खाता?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"छे, छे! आमच्या घरात पुरुषसुद्धा खात नाहीत," मालन ताठ मानेनं म्हणाली. "मी आपली मिश्री लावते."

पडद्यापलीकडं बाकावर बसलेला कुणीतरी फस्सकन हसला.

अंधेरीच्या त्या दवाखान्यात दातांचे डॉक्टर फक्त बुधवारी बसत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "मिश्री कशाची करतात, बाई?"

मालनची आई दर रविवारी तव्यावर तंबाखू भाजून कुटायची, हे ती जन्मापासून बघत होती. पण खाणं वेगळं आणि दाताला लावणं वेगळं, असंच तिच्या घरात, चाळीत, गावात सगळ्या बायका मानत. बाराव्या वर्षी आईनं बोटावर चिमूट ठेवली, तेव्हापासून दिवसातून चारदा. आता ती सव्वीस वर्षांची होती.

डॉक्टरांनी तिला आरशात दाखवलं. ओठाच्या आत, हिरडीजवळ, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग.

"आज सोडलीत तर बहुतेक हा जाईल. तीन महिन्यांनी या. वाढलेला दिसला, तर मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासावा लागेल."

ती बाहेर आली. बाकावरचा तो माणूस अजून तोंडावर रुमाल धरून बसला होता. तिशीचा, काळासावळा, हाताच्या रेषांत ग्रीस मुरलेलं.

"हसायला काय झालं हो?"

"तुमच्यावर नाय हसलो, बाय." त्यानं रुमाल काढला. दाढ काढल्यामुळं गाल एका बाजूनं सुजला होता. "मी मघाशी डॉक्टरांना सांगितलं… तंबाखू खातो, पण गिळत नाय. म्हटलं, चला, आपल्यासारखा आणखी एक शहाणा आहे."

मालनला रागवायचं होतं. पण त्या सुजक्या गालाकडं बघून तिलाच हसू फुटलं.

त्याचं नाव अनंता. मालवणकडचा. गिरणीत होता, संपात नोकरी गेली आणि मरोळ नाक्यावर त्यानं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. मालनची कंपनी तिथूनच पुढं होती. औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायचं काम ती करायची.

"एक करू," दवाखान्याच्या पायरीवर अनंता म्हणाला. "तुमची डबी माझ्याकडं, माझी तुमच्याकडं. आपली आपल्या खिशात असली की हात जातोच. दुसऱ्याकडं मागायला लाज वाटते."

"आणि लाज सोडून मागितलीच तर?"

"तर अर्धा तास थांबवायचं. तरी हवीच असली, तर देऊन टाकायची. जबरदस्ती नाय."

अनोळखी माणसाच्या हातात तिनं डबी ठेवली, तेव्हा आपण काय करतोय हे तिचं तिलाच कळलं नाही. त्याच्या चुन्याच्या डबीसाठी तिनं पर्समधला कंगवा बाहेर काढला आणि जागा केली.

पहिला आठवडा वाईट गेला. डोकं दुखायचं. सकाळी मिश्रीशिवाय पोट साफ होईना. नळावर शेजारची प्रेमा डबी पुढं करून म्हणायची, "घे गं चिमूटभर, एवढी कसली रुसलीस?" आणि मालननं नाही म्हटलं की प्रेमाला अपमान वाटायचा.

कंपनी सुटली की मालन तडक नाक्यावर यायची.

"डबी दे." तुम्हीचं तू कधी झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"देतो. तोवर ही ट्यूब पाण्यात धर. बुडबुडे कुठून येतात बघ."

"मी काय तुझ्याकडं कामाला आहे?"

"पगार मागू नको गो, म्हणजे झालं."

ती बादलीपाशी बसायची. ट्यूब फिरवता फिरवता त्याच्या गावच्या गोष्टी ऐकायची, बुडबुडा दिसला की "हा बघ!" म्हणून ओरडायची. मग कधीतरी घड्याळ बघायची, तर पाऊण तास झालेला असायचा. आणि जेवणाच्या सुट्टीत तो कंपनीच्या गेटवर यायचा, त्याची डबी मागायला. तिनं त्याला चार शब्द सुनावायचे, डब्यातली अर्धी भाकरी द्यायची, आणि तो परत जायचा.

चौथ्या रविवारी आईनं मिश्री भाजली. तो वास खोलीभर पसरला आणि मालनचा हात तव्याकडं गेला.

सोमवारी तिनं खाली बघत सांगितलं, "काल लावली मी. सगळं फुकट गेलं."

"किती दिवस झाले होते?"

"पंचवीस."

"मग एक गेला, चोवीस राहिले. ते कुठं पळतायत?" तो चाकाची तार ताणत होता. "मी एकदासुद्धा खाल्ली नाय अजून. मला जमतं तर तुला का नाय जमणार?"

त्या बोलण्यावर तिनं पुढचे दोन महिने काढले. आई भाजायला बसली की ती रविवारी बाजारात निघून जायची. आणि एका संध्याकाळी नाक्यावर पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं… आज दिवसभर मिश्रीची आठवणच झाली नाही. तिला घरी जायला हरकत नव्हती.

पण तिनं हात पुढं केला. "डबी दे. फार तलफ आली."

असं ती रोज खोटं बोलू लागली.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी हिरडी तपासली. डाग पुसट झाला होता. "शाब्बास! आता सहा महिन्यांनी या." ती आनंदात जिना उतरली आणि खालच्या पायरीवर थबकली. सुटली, हे सांगितलं की नाक्यावर थांबायला कारणच उरत नव्हतं. न सांगावं, तर ज्यानं सोडवली त्यालाच फसवणं.

नाक्यावर पोचताच तिनं सांगून टाकलं. सगळंच.

"डाग जातोय. आणि मला महिनाभर तलफच आली नाही. मी… उगाच मागत होते."

"म्हाईत होतं," अनंता म्हणाला. "तलफ आलेली बाई केसात अबोली माळून येत नाय."

मालनचे कान तापले. पण तो हसत नव्हता. हातातला पाना खाली ठेवून तो म्हणाला, "माझं ऐक आता. माझी नाय सुटली. टपरीवरून घेऊन सहा-सात वेळा खाल्ली. परवासुद्धा."

"काय?… त्या सोमवारी तर म्हणालास, एकदाही नाही!"

"तू तोंड पाडून उभी होतीस. मी पण घसरलो म्हटलं असतं, तर तू सोडून दिलं असतंस. ते मला नको होतं."

"मूर्ख! मी खरं सांगत होते आणि तू एकटाच कुढत बसलास?" तिचा आवाज चढला, तसं दुकानातलं एक गिऱ्हाईक वळून बघू लागलं. "उद्यापासून सकाळी कामावर जाताना येईन. दुपारी तू गेटवर ये. संध्याकाळी मी परत येईन. खोटं बोललास तर वास ओळखते मी!"

"आणि संध्याकाळनंतर?" त्यानं हळूच विचारलं. "तेव्हा कोण बघणार माझ्याकडं?"

मालननं पर्सचा बंद दोनदा नीट केला.

"ते असं नाक्यावर ठरत नाही," ती म्हणाली. "घरची मोठी माणसं लागतात."

"काका आहे माझा. परळला."

"मग रविवारी घेऊन ये आमच्याकडं."

आणि ती झपाझप बसस्टॉपकडं निघाली. रांगेत उभी राहिली, तर मागून धापा टाकत अनंता आला. हात धुतलेले, शर्ट बदललेला. दुकान त्यानं पाच वाजताच बंद केलं होतं.

"तू कुठं निघालास?"

"परळला. काकाला सांगायला."

"आज बुधवार आहे रे! आणि सायकलवाला असून बसनं?"

"एकट्यानं गेलो तर वाटेत टपऱ्या फार लागतात," तो म्हणाला. "स्टेशनपर्यंत शेजारी बस."

बस आली. मालन खिडकीपाशी सरकली आणि शेजारची जागा हातानं झटकून म्हणाली, "बस."